चिडणाऱ्या मुलाच्या घरातल्या मोठ्यांना

तुमच्या घरात तीन ते सात वर्षांचं मूल आहे. ते रोज कशावरून तरी लोळण घेतं, चावतं, हातातली वस्तू भिरकावतं, बालवाडीत इतरांना ढकलतं. किंवा याच्या अगदी उलट, आईचा पदर सोडत नाही, परकं माणूस दिसलं की गप्पच होतं, रात्री दचकून उठतं. अशा घरातल्या मोठ्यांसाठी हे लिहिते आहे. आईसाठी आहेच, पण त्याहून अधिक बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी, सुट्टीत येणाऱ्या आत्यासाठी आणि शेजारच्या काकूंसाठी आहे. कारण अशा मुलाचं सगळं करणं एकट्या आईच्या अंगावर पडतं आणि सगळा दोषही तिच्याच पदरात येतो. बालवाडीत शिकवताना मी हे अनेक घरांत पाहिलं. शाळा सुटताना इतर आया डबा संपला का ते विचारतात. ही आई विचारते, आज कुणाला मारलं का हो त्याने?

घराघरांत वाद असतो तो मूल भडकल्यावर काय करायचं याचा. बाबा म्हणतात दोन रट्टे द्या, आजी म्हणते हवं ते देऊन टाका, आई म्हणते समजावून सांगू. माझं म्हणणं असं की खरं काम भडका उडण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात आहे आणि तो शमल्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे. मधल्या दहा मिनिटांत मूलही काही चांगलं शिकत नाही आणि आपणही.

आधी एक धीर देते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा थयथयाट हा आजार नव्हे. त्याला हवं ते कळायला लागलेलं असतं, पण सांगायला शब्द पुरत नाहीत आणि थांबायची ताकद आलेली नसते. बहुतेक मुलं काही मिनिटांत सावरतात आणि बोलणं वाढलं की हे प्रकार आपोआप कमी होतात. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. पाचवं वर्ष ओलांडलं तरी दिवसातून कितीतरी वेळा तेच घडतं, एकदा सुरू झालं की अर्धा अर्धा तास सावरत नाही, मूल स्वतःला जखमा करून घेतं किंवा लहान भावंडाला इजा करतं, घरी आणि शाळेत दोन्हीकडे तेच, खेळात कुणी घेत नाही, झोप आणि जेवण बिघडलेलं. यातलं काही आठवडेच्या आठवडे चालू असेल तर थांबू नका. आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागलं, हाक मारल्यावर बघेनासं झालं, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या वाक्यावर विसंबून कितीतरी मुलांची मोलाची दोन वर्षं जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दोषाबद्दल. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली न्यू यॉर्कमध्ये एक अभ्यास सुरू केला. तान्ह्या वयापासून मुलांना वर्षानुवर्षं पाहत ते गेले. त्यांना दिसलं की अगदी पहिल्या महिन्यांपासूनच मुलांचा पिंड वेगवेगळा असतो. साधारण दहातलं एक मूल असं निघालं की ज्याची भूक-झोप वेळेवर नाही, नव्या गोष्टीला आधी नकार, आणि हसणं-रडणं दोन्ही जोरात. हे मूल कुणी लाडावून बिघडवलेलं नव्हतं, ते तसंच जन्माला आलं होतं. पुढे त्याचं काय होतं हे मात्र पिंडावर एकट्यावर ठरत नव्हतं. त्या पिंडाशी घराचा मेळ कसा बसतो यावर बरंच अवलंबून होतं. म्हणजे दोष कुणाचा नाही, आणि तरीही करण्यासारखं पुष्कळ आहे. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवावं लागतं. त्याच काळात अमेरिकेत स्वमग्न मुलांच्या आयांना ‘तुम्ही मायेने वागला नाहीत म्हणून मूल असं झालं’ असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. पुढे ते साफ चुकीचं ठरलं, पण एका पिढीतल्या आयांनी ते मनावर दगड ठेवून ऐकून घेतलं होतं. आपल्याकडे तेच काम आज नातेवाईक करतात. कृपा करून करू नका.

मग घरात नेमकं काय चुकत जातं? जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने ओरेगॉनमध्ये आपल्या सहकाऱ्यांना लोकांच्या घरी बसवून, कोण काय बोललं आणि त्यावर कोणी काय केलं, याच्या क्षणाक्षणाच्या नोंदी करवल्या. त्यावरचं त्याचं पुस्तक १९८२ साली आलं. त्याला जे दिसलं ते आपल्या जेवणाच्या ताटावर रोज दिसतं. मूल मोबाइल मागतं. आई नाही म्हणते. ते ओरडतं. आई पुन्हा नाही म्हणते. ते ताट ढकलून देतं. आजी म्हणते, अगं दे, जेवताना कशाला रडवतेस? मोबाइल मिळतो, घर शांत होतं. या दोन मिनिटांत मूल शिकलं की ओरडून भागत नाही, ताट ढकलेपर्यंत जावं लागतं. मोठे शिकले की मोबाइल दिला की सुटका होते. दुसऱ्या दिवशी बाबा घरी असतात, ते धपाटा घालतात आणि तेव्हाही घर शांत होतं. बाबा शिकतात की धपाट्याने काम होतं, आणि पुढच्या वेळी हात लवकर उठतो. कुणीही दुष्ट नाही, सगळे दमलेले आहेत, आणि सगळे मिळून एकमेकांना अधिक जोरात ओरडायला शिकवत आहेत.

यातून बाहेर पडायची सुरुवात एका साध्या वहीने होते. आठवडाभर प्रत्येक मोठ्या भडक्याची नोंद करा. किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, आणि शेवटी त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका मिळाली. या शेवटच्या रकान्यात प्रामाणिक राहा. ‘उगाचच चिडतो’ असं म्हणणाऱ्या बहुतेक घरांत सात दिवसांत वहीच बोलू लागते. शाळेतून आल्यावर खायला मिळेपर्यंतचा वेळ. टीव्ही बंद करण्याचा क्षण. आंघोळीला बोलावणं. धाकट्याला मांडीवर घेतल्याची वेळ. आणि सगळ्यात जास्त वेळा, अपुरी झोप.

झोपेवर मी थोडं थांबते, कारण इथे आपण सगळेच फसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप हवी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या वर नको. आपल्या शहरांत बाबा लोकलने रात्री साडेनऊला घरी पोहोचतात. मूल त्यांची वाट पाहत जागं असतं, मग खेळ, मग जेवण, झोपायला साडेअकरा. सकाळी सातला शाळेची रिक्षा खाली उभी. हिशेब करून पाहा. या मुलाला तुम्ही चिडखोर म्हणता, पण इतक्या झोपेवर मोठा माणूसही चिडला असता. बाबांच्या प्रेमावर माझा आक्षेप नाही, वेळेवर आहे. त्यांनी रात्रीच्या ऐवजी सकाळची वीस मिनिटं घ्यावीत. दात घासणं, दूध, खाली रिक्षापर्यंत सोडणं. मूल नऊला झोपू दे.

झोपेबरोबर शरीरही तपासून घ्या. ज्याला कमी ऐकू येतं ते मूल ‘ऐकत नाही’ असं ठरतं. नाकामागच्या गाठी वाढल्या की मूल तोंड उघडं ठेवून घोरतं, त्याला गाढ झोप लागत नाही आणि दिवसभर ते किरकिर करतं. रक्त कमी असणं, जुनाट बद्धकोष्ठता, किडलेला दात, जंत. यातलं एकही कारण सापडलं तर ते उपचाराने जाणारं असतं. म्हणून समुपदेशकाच्या आधी बालरोगतज्ज्ञ, आणि बोलणं मागे असेल तर कानाची तपासणी आधी.

यानंतर दोन गोष्टी रोज करायच्या. पहिली, दहा मिनिटांचा खेळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर बसायचं, खेळ मुलाने ठरवायचा आणि आपण त्याच्या मागे जायचं. या दहा मिनिटांत शिकवायचं नाही. ‘हा कुठला रंग’, ‘असं नाही, असं लाव’ हे बंद. तो गाडी लावतो आहे, तर ‘लाल गाडी पुलाखाली गेली’ एवढंच म्हणायचं. ऐकायला फार किरकोळ वाटतं. पण दिवसभर ‘नको, थांब, सोड’ एवढंच ऐकणाऱ्या मुलाला या वेळात पहिल्यांदा आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटतं. आणि ही दहा मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत. त्याने सकाळी भावाला चावलं असेल तरीही संध्याकाळचा खेळ होणारच.

दुसरी गोष्ट, चांगलं वागताना पकडा. आपली नजर वाईटाकडे लगेच जाते. मूल शांत बसलेलं असलं की आपण सुटकेचा श्वास टाकून स्वयंपाकघरात निघून जातो. तिथेच थांबून नावानिशी सांगा. ‘शहाणा मुलगा’ हे पुरत नाही, त्यातून त्याला काही कळत नाही. ‘टीव्ही बंद केला तरी तू ओरडला नाहीस’, ‘तुला राग आला होता आणि तू हात खाली ठेवलास’ असं सांगितलं की त्याला नेमकं काय जमलं ते समजतं. आजींना हे फार छान येतं, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सांगायची पद्धतही बदलावी लागते. स्वयंपाकघरातून हाक मारून दिलेला हुकूम या मुलांपर्यंत पोहोचत नाही. जवळ जा, खाली वाका, एका वेळी एकच काम सांगा. ‘आंघोळीला जातोस का?’ असं विचारलं की त्याने ‘नाही’ म्हणणं रास्तच आहे. जिथे निवड नाही तिथे प्रश्न विचारू नका, आणि जिथे देता येते तिथे खरी निवड द्या: आधी शर्ट की आधी चड्डी? खेळ थांबवायच्या पाच मिनिटं आधी सांगून ठेवा. नियम थोडे ठेवा. कुणाला मारायचं नाही, गॅस आणि रस्ता यांच्याजवळ हात धरायचा, झोपायची वेळ. बाकी निळाच शर्ट घालायचा आहे, पोळीचे तुकडे नको अख्खी हवी, असल्या लढाया सोडून द्या. मूल जिंकलं आणि तुम्ही हरलात असं यात काही होत नाही.

‘नाही’ म्हटलं ते नाहीच, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळायचं. आणि इथे एक इशारा. मोबाइल ओरडून मिळत नाही असा नियम केलात की पहिले काही दिवस मूल अधिक जोरात ओरडेल. कालपर्यंत जे चालत होतं ते आज का चालेना, हे ते तपासून पाहतं. या दिवसांत आजोबांनी हळूच आतल्या खोलीत मोबाइल दिला तर मूल शिकेल की आता त्याहून जास्त वेळ ओरडावं लागतं. तेवढं पाळता येणार नसेल तर नियम सुरूच करू नका, ते कमी नुकसानीचं आहे. म्हणून आधी मोठ्यांची बैठक, मूल झोपल्यावर. आजी-आजोबांना हुकूम देऊ नका, वही दाखवा.

पण प्रत्येक भडक्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, आणि हा फरक न कळल्यामुळे मुलांवर खूप अन्याय होतो. काही मुलं काही हवं म्हणून ओरडतात. काही मुलांना सहन होत नाही म्हणून ओरडतात. लग्नाच्या कार्यालयातला बँड, गणपतीतले ढोल, मिक्सरचा आवाज, मानेला टोचणारी जरीची शेरवानी, चारी बाजूंनी गाल ओढणारे पाहुणे. या मुलाला काही मिळवायचं नाही, त्याला बाहेर पडायचं आहे. त्याला तिथेच बसवून ठेवणं म्हणजे त्याचा छळ आहे. उचलून बाहेर न्या, सुती कपडे घाला, पुढच्या वेळी अक्षतांपुरते जा आणि निघून या. कोण काय म्हणेल याचा विचार करू नका. नातेवाईकांनाही माझी विनंती आहे, असं कुणी लवकर निघालं तर टोमणा मारू नका, डबा भरून द्या.

भडका उडालाच तर काय? कमी शब्द, खालचा आवाज, आजूबाजूच्या काचेच्या आणि टोकदार वस्तू बाजूला. तो कुणाला मारत असेल तर हात धरा आणि ‘मी मारू देणार नाही’ एवढंच बोला. ओसरल्यावर पाणी द्या, जवळ घ्या. प्रवचन देऊ नका, ‘पुन्हा करणार नाही’ असं वदवून घेऊ नका. थोड्या वेळाने, शांत असताना, ‘तुझा मनोरा पडला आणि तुला फार राग आला’ असं म्हणा. रागाला नाव मिळालेलं मूल पुढे कधीतरी हाताऐवजी तोंडाने राग सांगतं. त्याला महिने लागतात.

मारण्याबद्दल माझं मत ठाम आहे, मारू नका. ज्या मुलाला आपला हात आवरत नाही त्याला हात आवरायला शिकवायचं आणि तेही हात उगारून, हे जमणार नाही. आणि धमक्याही सोडा. ‘पोलिसाला देईन’, ‘बाबाजी झोळीत घालून नेईल’, ‘तू असाच वागलास तर मी निघून जाईन’. धीट मूल त्यावर विश्वास ठेवत नाही आणि भित्रं मूल पुरेपूर ठेवतं. आई सोडून जाईल या भीतीने रात्रभर तिचा पदर मुठीत धरून झोपणाऱ्या मुलांचे पालक मला भेटले आहेत.

शाळेबद्दल थोडंच. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. त्याच्या १७व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी आहे, आणि १६व्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालवाडीतल्या मुलांना त्याचा आधार मिळत नाही, आणि ‘तुमचं मूल घेऊन जा’ हे वाक्य तिथेच सगळ्यात जास्त ऐकू येतं. माझ्याच व्यवसायातल्या बायांना मी हात जोडून सांगते, फाटकाशी सगळ्यांसमोर तक्रार सांगू नका. बाजूला बोलवा, आणि आज त्याने काय चांगलं केलं त्यापासून सुरुवात करा. पालकांनीही शाळेपासून काही लपवू नये. बाईंना वही दाखवा, त्यांच्याकडून वर्गातल्या नोंदी घ्या.

मदत कुठे मिळते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत पालघरमधून सुरू झाला. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, आणि आरोग्याबरोबर वाढीतला उशीरही तपासतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, उलट स्वतः हजर राहून सांगा. तिथून पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, ज्याला सगळे नुसतं डीईआयसी म्हणतात. खासगी शाळेतल्या पालकांनी पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. मुंबईत २००१ साली सुरू झालेलं उम्मीद हे बालविकास केंद्र आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. दृष्ट काढायची असेल तर काढा, मनाला बरं वाटतं, पण त्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका.

औषधाची भीती बाळगून जाणंच टाळू नका. अतिचंचलता असलेल्या लहान मुलांबाबत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१९चं मार्गदर्शन असं आहे की सहा वर्षांखालच्या मुलांत पहिला उपचार म्हणून पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण द्यावं, गोळ्यांचा विचार त्यानंतर. म्हणून कुणी पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली तर ‘आम्हाला आधी काय शिकता येईल?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पुढे औषध लागलंच तर तेही लाज वाटण्यासारखं नाही.

आणि आईकडे बघा. ती रात्री रडते का, तिला भूक लागत नाही का, मुलाचा आवाज आला की तिच्या पोटात गोळा येतो का? केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिच्यासाठी तो फोन बाबांनी लावून द्यावा. शेजारच्या काकूंनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाला खाली बागेत न्यावं, म्हणजे ती तासभर झोपू शकेल.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आई-बाबा दोघंही जा. आठवड्याची वही, शाळेच्या बाईंची नोंद, आधीचे तपासणीचे कागद बरोबर घ्या. घरी झालेल्या एका भडक्याची मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत असू द्या, कारण दवाखान्यात मूल नेमकं शांत बसतं; ती डॉक्टरांखेरीज कुणालाही पाठवू नका. मुलासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा वाचू नका, त्यासाठी त्याला बाहेर आजोबांपाशी बसवा. जवळच्या पिशवीत त्याची आवडती गाडी आणि खाऊ ठेवा, रांग मोठी असते. प्रश्न आधी लिहून न्या: हे काय असू शकतं, कान आणि बोलणं तपासायला हवं का, घरी आम्ही कोणत्या एका गोष्टीपासून सुरुवात करू, आणि पुन्हा कधी येऊ? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. पुढची तारीख तिथेच लिहून घ्या.